रंगूबाई कुंटा

८ जून, रविवार

आज केदार-शिल्पाचा नवा फ्लॅट बघून आले. हे आले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. काल मार्केटात दोन खेपा झाल्या तेव्हा दुखत नव्हता.

जागा लांब आहे, हैदराबादच्या रिंग रोडच्याही पुढे. बी टॉवर, सातवा मजला. बाल्कनीतून अजून मातीचे ढीग आणि मजुरांच्या पत्र्याच्या खोल्याच दिसतात, पण वारा छान येतो. सोफा कुठे, देवघर कुठे, ते शिल्पाने हाताने दाखवून दाखवून सांगितलं. तिच्या माहेरी पुण्यात खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत, त्यामुळे बाल्कनीचं तिला फार अप्रूप. दसऱ्याच्या मुहूर्तावर रजिस्ट्रेशन आणि दिवाळीनंतर वास्तुशांत, असं ठरलं आहे.

निघताना गेटसमोरच्या टपरीवर चहा घेत होतो, तेवढ्यात सिटी बस थांबली. कंडक्टर ओरडला, ‘रंगूबाई कुंटा! रंगूबाई कुंटा!’ कुंटा म्हणजे तेलुगूत लहान तलाव. मी इकडेतिकडे पाहिलं, पाणी कुठेच नाही. टपरीवाला बिहारचा, त्याला स्टॉपचं नाव तेवढं माहीत.

शिल्पा म्हणाली, “रंगूबाई? आई, हे तर आपल्यातलं नाव वाटतंय!”

तेच डोक्यात राहिलं. इतक्या लांब माळावरच्या तलावाला मराठी बाईचं नाव कसं? वास्तुशांतीला सगळे चांदीची वाटी देतात. मी ह्या जागेच्या इतिहासाची छोटी पुस्तिका देईन. तीसेक वर्षं भूगोल शिकवला, एवढं जमायला हरकत नाही.

रात्री जेवताना ह्यांना सांगितलं. “कुठला स्टॉप म्हणालीस?” मी पुन्हा सांगितलं. हे म्हणाले, “अशी असतात नावं. त्याला अर्थ नसतो.” दहीभात अर्धा टाकून उठले. ऊन बाधलं असेल म्हणावं तर हे घरातच होते.

१२ जून, गुरुवार

चार दिवस कॉम्प्युटरसमोर बसते आहे. नाव इंग्रजीत टाकलं की फक्त फ्लॅटच्या जाहिराती येतात. मराठीत टाकलं की रंगूबाई नावाच्या कोणाकोणाच्या आज्या.

ह्यांना वाटतं मी हुसेनसागरवर लिहावं. “त्याच्यावर ढीगभर साहित्य आहे, तुला त्रास नाही.” त्रास नको असता तर मी लोकर आणून विणत बसले असते.

२० जून, शुक्रवार

सापडलं! चूक माझीच होती. मी आजचं स्पेलिंग टाकत होते. इंग्रजांनी आपली नावं कानाला ऐकू येतील तशी लिहिली, हे मीच मुलांना शिकवत होते. मग रंगूबाईची ‘रुंगू’ केली, कुंट्याचा ‘कून्टा’ केला, आणि एका परदेशी विद्यापीठाच्या संग्रहात निजामाच्या पाटबंधारे खात्याचा जुना अहवाल निघाला. तो ‘शेती’ ह्या सदरात टाकलेला होता, आणि स्कॅन करताना काही पानं उलटी लागली आहेत. मान वाकडी करून वाचलं. ‘रुंगू बाईज टँक’, बांध दुरुस्त केला, खाली भाताची शेती. एवढीच ओळ. पण तलाव होता, त्याला पाणी होतं, त्यावर भात पिकत होता.

एक गोष्ट कळली. ह्या डिजिटल संग्रहांत शोधणं म्हणजे वस्तू कुठे आहे ह्याचा विचार करणं नव्हे. ती कोणी, कुठल्या डोक्याने, कुठल्या कप्प्यात टाकली असेल ह्याचा विचार करणं. हे सगळं एका फायलीत टिपून ठेवते आहे, पुढे दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल.

ओळ ह्यांना वाचून दाखवली. “अहवालात काहीही लिहितात,” म्हणाले. जन्मभर स्वतः अहवाल लिहिले, आणि हे बोलणं!

३ जुलै, गुरुवार

तारनाक्याला अभिलेखागारात जाऊन आले. अर्ज आणि ओळखपत्र आधीच दिलं होतं, आज बसायला मिळालं. तिथल्या बाई चांगल्या आहेत. मी मागितलेल्या गावाचं जुनं महसुली दप्तर त्यांनी काढून दिलं आणि माझ्यापुढे ठेवून गेल्या.

सगळं उर्दूत.

मी ह्या शहरात जन्मले. भाजीवाल्याशी, ऑटोवाल्याशी, दर्ग्याजवळच्या शिंप्याशी उर्दूतच बोलते. माझे वडील मॅट्रिकपर्यंत उर्दूत शिकले, त्यांचं अक्षर मौलवीसाहेबांनी वाखाणलेलं. आणि मी त्या पानाकडे नुसती बघत बसले. मधे एक शिक्का होता, तो तेवढा ओळखला. पानांचे फोटो घ्यायची परवानगी काढली आणि परत आले.

आमच्या शाळेत रफिया आपा उर्दू शिकवायच्या. उद्या त्यांना फोन करते.

९ जुलै, बुधवार

रफिया आपांकडे दुपारभर होते. निवृत्त झाल्यावर त्या अजून ठसठशीत झाल्या आहेत. भिंग घेऊन फोनच्या पडद्यावर वाकल्या आणि वर्गात वाचावं तसं मोठ्याने वाचायला लागल्या. “मुसम्मात रंगूबाई, बेवा…” मुसम्मात म्हणजे श्रीमती, बेवा म्हणजे विधवा. नवरा कचेरीत दप्तरी होता. तो वारल्यावर, दुष्काळाच्या वर्षानंतर, तिने स्वतःच्या जमिनीत हा तलाव खोदवला आणि गावाच्या नावे करून दिला. बस. कुठून आली, मुलंबाळं होती का, काही नाही.

मी डोळे पुसले तशा आपा म्हणाल्या, “अरे, रोने की क्या बात है? बाई मजबूत थी.”

मग त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं. शिकम. “शिकम बोले तो पेट, उषा. तालाब का पेट. पानी जहाँ ठहरता, वो जमीन.” मला शब्द फार आवडला. तलावाचं पोट! पुस्तिकेत एका पानाचा मथळाच करीन.

आपांनी विचारलं, “तुम्हारे बच्चे का घर कहाँ पे है इसमें?” मी म्हटलं, जवळपास कुठेतरी. त्या म्हणाल्या, “पूछ लो. शिकम पे घर नहीं बनाते.”

घरी आल्यावर ह्यांना विचारलं. महसूल खात्यात उभी हयात गेली, ह्यांना माहीत असणारच. शिकम म्हणजे काय म्हटल्यावर हे एकदम म्हणाले, “तुला कोणी सांगितलं?” मी आपांचं सांगितलं. “जुन्या नोंदी असतात. जमिनीचा दर्जा बदलतो,” म्हणाले आणि गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालायला लागले. बाहेर पाऊस चालू होता.

१५ जुलै, मंगळवार

ह्यांनी आठवडाभरात पेपर उघडलेला नाही. सध्या रोज पहिल्या पानावर तलावांच्या हद्दीतली बांधकामं पाडल्याच्या बातम्या आणि फोटो असतात. हे घडी तशीच ठेवून देतात. मला मोतीबिंदूची शंका आली म्हणून आज डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, “अंकल, आपकी नजर तो मेरे से अच्छी है.” मग पेपर का वाचत नाहीत विचारलं तर म्हणे कंटाळा आला. बीपीची गोळी बदलायला हवी असं माझं मत आहे.

३ ऑगस्ट, रविवार

आज मुलं जेवायला होती. पुरणपोळ्या केल्या. जेवणानंतर केदारला कामाला लावलं. त्या परदेशी संग्रहात शंभरेक वर्षांपूर्वीचा सर्व्हेचा नकाशा मिळाला आहे, त्यात गाव आहे, टेकडी आहे आणि निळ्या रंगात कुंटाही आहे. मला तो आजच्या नकाशावर बसवून हवा होता, म्हणजे पुस्तिकेत टाकता येईल. केदार म्हणाला, “सोपं आहे आई, दोन्हींत सारख्या असलेल्या तीन-चार जागा धरायच्या आणि चिकटवायचं.” देवळाचं एक टोक धरलं, टेकडीचं एक, जुन्या रस्त्याचा फाटा धरला. तो बोलत होता, चेष्टा करत होता. मग नकाशा सरकला आणि बसला.

निळा डाग बी टॉवरवर होता. ए टॉवरचा कोपराही त्यात होता, पण बी अख्खा.

शिल्पा आधी बोलली. “झूम कर ना.” झूम केल्यावर टॉवर जास्तच आत गेला.

केदारने खुर्ची मागे केली. “शंभर वर्षांपूर्वीचं आहे हे. तेव्हा अख्खं हैदराबाद तलावच होतं. बिल्डरकडे सगळ्या परवानग्या आहेत, बँकेने तपासल्यात.” त्याने जुनी उपग्रह छायाचित्रंही काढून बघितली. टॉवर उभे राहायच्या आधीचं एकच स्वच्छ होतं, तेही मे महिन्यातलं. तपकिरी माळ. “बघा, कुठे आहे पाणी?”

शिल्पा म्हणाली, “मेमध्ये कुठल्या तलावात असतं?”

मग केदारला आठवलं. “बाबा, तुम्ही त्या भागात होतात ना? डेप्युटी तहसीलदार असताना?”

हे तिथेच बसले होते, वेलदोडे सोलत. “होतो,” म्हणाले.

“मग? कागदांत काही गडबड आहे का?”

“कागद बरोबर आहेत.”

“बघ,” केदार शिल्पाला म्हणाला. “बाबा सांगतायत म्हणजे झालं.”

माझ्याही जिवात जीव आला. ह्यांनी आयुष्यात कोणाचा चहासुद्धा फुकट प्यायला नाही, हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. सोललेले वेलदोडे नंतर पाहिले तर सालं डब्यात आणि दाणे कचऱ्यात. लक्ष कुठे असतं कोण जाणे.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पुस्तिका जवळजवळ झाली आहे. पण आज वेगळंच. काल संध्याकाळी ढगफुटीसारखा पाऊस झाला. शिल्पाने घर घेणाऱ्यांच्या ग्रुपवरचे फोटो पाठवले. बी टॉवरचं तळघर पाण्याने भरलं आहे, मोटारी ठेवायच्या जागेत वरपर्यंत पाणी. तीन पंप लावले तरी उतरत नाही. बिल्डरचा माणूस म्हणतो, नाला तुंबला. एकाने लिहिलं आहे, पाणी खालून येतंय.

फोन ह्यांना दाखवला. बराच वेळ हातात धरून ठेवला. मग म्हणाले, “त्या बाजूने येणारच.” कुठल्या बाजूने विचारलं तर परत दिला.

२० सप्टेंबर, शनिवार

हे सकाळी बेगम बाजारला जातो म्हणून गेले. नवरात्रासाठी साबुदाणा, शेंगदाणे, धने आणायचे होते. आले थेट चार वाजता. पिशवी रिकामी. चपला गुडघ्यापर्यंतच्या चिखलात बुडवल्यासारख्या, पँटही काळी. मी म्हटलं, बेगम बाजारात इतका चिखल? म्हणाले, “फार गर्दी होती, परत फिरलो.”

माती काळी, चिकट, गाळासारखी. दोनदा धुतली तरी डाग गेला नाही. अंघोळ करून पडून राहिले ते जेवायलाही उठले नाहीत. डॉक्टरांना विचारून ती गोळी बंदच करावी.

२८ सप्टेंबर, रविवार

कसं लिहायचं कळत नाही. जसं झालं तसं लिहिते.

केदार रजिस्ट्रेशनच्या कागदांची फाइल घेऊन आला होता. कागद कोणाचेही असोत, आमच्या घरात ते आधी ह्यांच्या डोळ्यांखालून जातात. जेवायची पानं वाढली होती. केदारने फाइल ह्यांच्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाला, “तळघराचं बघताहेत ते. नाल्याचंच होतं. जेवण झालं की एकदा नजर टाका.”

हे म्हणाले, “तिथं घर घेऊ नकोस.”

“बाबा, गुरुवारी दसरा आहे.”

“तो तलाव आहे.”

“आईच्या नकाशात होता. शंभर वर्षांपूर्वी.”

“नकाशाचं सांगत नाही मी. मी पाहिलाय.”

मला खरंच वाटलं बीपी वाढलं. मी पाण्याचा पेला पुढे केला. ह्यांनी तो बाजूला केला आणि केदारकडे बघून म्हणाले, “लेआउटच्या मंजुरीआधी स्थळपाहणीचा रिपोर्ट लागतो. जागेवर तलाव नाही, असं मीच लिहून दिलंय.”

शिल्पाच्या हातात वरणाचा डाव होता. तो तसाच राहिला.

केदारने विचारलं, “कधी?”

“तू दहावीत होतास. वरून निरोप होता. नाही लिहिलं तर बदली, तीही जंगलात. तुझं वर्ष होतं.”

“म्हणजे माझ्यासाठी केलंत?”

“तसं म्हणत नाही मी.”

“मग माझी दहावी कशाला काढता?”

केदार हळू आवाजात बोलत होता, ओरडला असता तर बरं झालं असतं. “ऑगस्टमध्ये मी तुम्हाला विचारलं. ह्याच टेबलाशी. तुम्ही म्हणालात, कागद बरोबर आहेत.”

“कागद बरोबरच आहेत,” हे म्हणाले. “माझेच आहेत.”

केदार हात न धुता उठला. शिल्पाने फाइल उचलली, चपला घालताना मला म्हणाली, “आई, येते मी.” नेहमी ‘येतो आम्ही’ म्हणते.

वाढलेली चार पानं मी एकटीने आवरली. हे जागेवरच बसून होते.

२९ सप्टेंबर, सोमवार

मला राग आलेला नाही. ह्या वयात राग करून काय मिळवायचं? सकाळी चहा एक कप केला, एवढंच. ह्यांचा ह्यांनी केला. पातेलं करपवलं.

दुपारी आठवलं. त्या वर्षी बदलीची ऑर्डर आली आणि आठवड्याने रद्द झाली होती. मी गौलीगुड्याच्या रामाला जाऊन पेढे ठेवले होते आणि सगळ्या बिल्डिंगला वाटले होते. त्या दिवशी ह्यांनी पेढा हातात घेतला होता, पण खाल्ला का, हे काही केल्या आठवत नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा झाला. केदारने रजिस्ट्रेशन केलं नाही, शिल्पाने मेसेजवर कळवलं. आजूबाजूचे लोक जम्मीची, म्हणजे शमीची, पानं द्यायला आले, नमस्कार करून गेले. आमची मुलं आली नाहीत. हे दाराच्या आवाजाला दर वेळी उठत होते.

बैठकीच्या खोलीत झोपते आहे. तिथे वारा बरा येतो.

१२ ऑक्टोबर, रविवार

शिल्पा एकटी आली. आधी वाटलं काही सांगायला आली, पण ती लॅपटॉप उघडून बसली. “आई, तुमची फाइल द्या. सगळी. संग्रहांची नावं, लिंका, रफिया आपांनी वाचलेलं, नकाशा.”

तिचं म्हणणं असं. त्यांचे पैसे परत मिळायचे तेव्हा मिळतील, वकील बघतो आहे. पण त्या टॉवरमध्ये बाकीची कुटुंबं आहेत. काहींनी रजिस्ट्रेशन उरकलं, काही जण ह्याच महिन्यात करणार आहेत. “एक काकू आहेत ग्रुपवर, नागपूरच्या, नवऱ्याची सगळी ग्रॅच्युइटी घातलीय. मला त्यांना नुसतं ‘घेऊ नका’ म्हणता येत नाही. का ते सांगावं लागेल.”

मग आम्ही दोघी पुस्तिकेला बसलो. इंग्रजी शाळेमुळे तिचं मराठी वाचन अडखळत चालतं असं तीच म्हणते, पण चुका बरोबर दाखवते. रंगूबाईचं पान तिने दोनदा वाचलं. “तुम्ही किती छान लिहिलंय हिच्याबद्दल,” म्हणाली.

अडचण एकच. आमच्याकडे जे काही आहे ते सगळं जुनं. निजामाचा अहवाल, उर्दू दप्तर, इंग्रजांचा नकाशा. नंतरचं काही नाही. बिल्डर सरळ म्हणतो की तलाव कधीच आटला होता, आणि त्याच्याकडे सरकारी रिपोर्ट आहे. मी सगळे संग्रह पुन्हा धुंडाळले. जुने पेपर, विद्यापीठांचे प्रबंध, कोणी घेतलेले फोटो. ह्यांच्या रिपोर्टच्या सालात तिथे पाणी होतं असं सांगणारं काही मिळेना.

शिल्पा म्हणाली, “तेव्हा पाहिलेलं कोणीतरी हवं.”

आतल्या खोलीत रेडिओ चालू होता, तो बंद झाला.

१५ ऑक्टोबर, बुधवार

केदारचा फोन आला. इतक्या दिवसांनी आवाज ऐकला. शिल्पाने त्याला सांगितलं असणार.

“आई, छापायचं ते छाप. पण बाबांचं नाव नको.”

“नावाशिवाय कोण मानेल?”

“नको म्हणतो ना! पेन्शन आहे, चौकशी लागेल. ह्या वयात कचेऱ्या, कोर्ट… लोक काय काय लिहितील ग्रुपवर, तुला माहीत नाही. माझे पैसे मी सोडवतो. तू त्यांचं नाव काढ.”

“तू बोल त्यांच्याशी.”

“नाही बोलत.” आणि मग, “बीपी कसं आहे?”

फोन स्पीकरवर होता, माझे हात कणकेचे होते. हे समोर बसून भेंडी पुसत होते. मी केदारला म्हटलं, बरं आहे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी चहा दोन कप केला. हे बसले. मी कॉम्प्युटर चालू केला आणि नेहमीसारखंच, रफिया आपांसमोर बसले होते तशीच बसले. म्हटलं, सांगा.

“काय सांगू?”

“काय पाहिलंत ते. सुरुवातीपासून.”

हे सांगायला लागले. जीप फाट्याला सोडली, पुढे पायवाट होती. दोन्हीकडे भात. दोन म्हातारे शेतकरी बरोबर आले, त्यांना वाटलं सरकार बांध दुरुस्त करणार म्हणून साहेब आलेत. त्यांनी ह्यांना ताक दिलं. बांधावर दगडी कट्टा होता, तिथे सावलीत बसून ह्यांनी रिपोर्ट लिहिला. मी विचारलं, कट्ट्यावर काही कोरलेलं होतं का? म्हणाले, “होतं. झिजलेलं. आपली अक्षरं असावीत, मोडी असेल. वाचलं नाही मी.”

इतके महिने मी ती बाई जगभरच्या संग्रहांत शोधत होते.

“शेतकऱ्यांनी विचारलं, साब, क्या लिखे?” हे म्हणाले. “मी म्हटलं, तुम्हारे काम का-च लिखा.”

मग मी मजकूर लावला आणि शेवटी सवयीप्रमाणे संदर्भ लिहायला घेतला. मुलाखत, घरी, चिक्कडपल्ली, आजची तारीख. पुढे बोटं थांबली. “नाव घालू? केदार नको म्हणतो.”

“ऐकलं मी.” ह्यांनी चष्मा काढून पुसला. “रिपोर्टवर घातलं होतं ना? मग इथेही घाल. हुद्द्यासकट.”

घातलं. बाळकृष्ण बिलोलीकर, निवृत्त डेप्युटी तहसीलदार. मग सगळा उतारा वाचून दाखवला. हे मान हलवत ऐकत होते. ‘स्थळपाहणीच्या दिवशी तलावात पाणी होतं’ ह्या वाक्याला त्यांनी हात वर केला.

“ते बदल,” म्हणाले. “पाणी होतं म्हणजे लोकांना वाटेल डबकं होतं. भरलेला होता, उषा. काठोकाठ. तसं लिही.”